ताईंनी न पाहिलेली रोपं

त्या दिवशी गुरुवार होता. ताई अधिवेशनासाठी मुंबईला होत्या. मी फैजपूरच्या कार्यालयात होतो. साडेबाराच्या सुमारास मी कपाटातून त्यांच्या सहीचं लेटरहेड काढलं, त्यावर नऊ ओळी टाइप केल्या, शिक्का मारला आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात कागद दिला. तो माणूस उठून गेला. मी डबा उघडला.

या नऊ ओळींबद्दल लिहायला मला बरीच वर्षं लागली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘आमदाराच्या पीएचे अनुभव’ असा विषय सुचवला, तेव्हा त्यांना गमतीजमती हव्या असणार. त्याही आहेत, सांगेन. पण त्या सांगून हे राहिलं, तर न लिहिलेलं बरं.

मी मुळात पीए नव्हे. वडील फैजपूरच्या बाजारात कापूस पिंजून गाद्या भरत. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलो आणि केळीच्या रोगांवर काम करणाऱ्या सरकारी केंद्रात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. डॉ. शालिनी तिथं माझ्या साहेब होत्या. पुढं सगळा भाग त्यांना ताई म्हणायला लागला, मीही म्हणू लागलो. त्या धुळ्याकडच्या. घरची बोली अहिराणी. केंद्रात त्या शुद्ध मराठी बोलत, पण फार दमल्या किंवा फार चिडल्या की अहिराणीवर येत. त्यामुळं त्यांच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ ऐकलं की आम्ही सावध व्हायचो.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. प्रत्येक झाडाच्या नोंदीखाली दोन सह्या लागत, एक पाहणाऱ्याची आणि दुसरी पुन्हा पाहणाऱ्याची. दुसऱ्या माणसानं दुसऱ्या दिवशी जायचं, पहिल्याची नोंद न वाचता. दोघांचं जुळलं तरच ते ‘पाहिलं’ धरायचं. ‘वाटलं’ हा शब्द वहीत चालत नसे. सुरुवातीला एकदा मी लिहिलं होतं, ‘पानं पिवळसर वाटली.’

“कोणाला वाटली?” त्यांनी विचारलं.

“मला, मॅडम.”

“तुझं काय वाटतंय ते मला नकोय, युसूफ. पानं पिवळी होती की नव्हती?”

“थोडी होती.”

“किती पानं?”

मी मोजली नव्हती.

“मग जा, मोजून ये. आणि ऊन आहे, टोपी घाल.”

मी बारा वर्षं टोपी घालून पानं मोजली.

मग आमच्या भागात हरण्या आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हरण्या हा केळीचा विषाणूरोग आहे. पानांवर पिवळे पट्टे उठतात, पोंगा म्हणजे नव्या पानाची सुरळी कुजते, झाड खुरटतं. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. औषध नाही. आजारी झाड मुळासकट उपटायचं आणि खड्ड्यात गाडायचं, एवढाच उपाय. आणि ते लगेच करायचं, म्हणजे बाग वरून हिरवी दिसत असताना. स्वतः वाढवलेलं हिरवं झाड उपट असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाच कळतं.

ताई गावोगाव गेल्या. व्याख्यानं दिली नाहीत. बागेत शिरायच्या, झाड न् झाड पाहायच्या, दुसऱ्या दिवशी मला पाठवायच्या, तिसऱ्या दिवशी बांधावर बसून शेतकऱ्याला कोणती झाडं जाणार ते सांगायच्या. सगळ्यांत आधी ऐकलं ते गिरधरआबांनी. आबा तेव्हा साठीचे होते, उंच, जाड चष्म्याचे. त्यांनी अर्धी बाग उपटली. गावानं वेड्यात काढलं. पावसाळा संपला तेव्हा आबांच्या उरलेल्या झाडांना घड धरले होते आणि शेजारच्या बागा आडव्या झाल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे म्हण पडली, “ताईनं पाह्यलं म्हंजे पाह्यलं.”

दोन वर्षांनी निवडणूक आली. एका पक्षाचे लोक केंद्रावर आले आणि त्यांनी ताईंना उभं राहायला सांगितलं. ताईंनी तीन दिवस मागितले आणि चौथ्या दिवशी राजीनामा दिला. मी म्हणालो, “मॅडम, कशाला त्यात?”

“उपटलेल्या झाडाची भरपाई द्यायची की नाही, हे ठरवणारे लोक मुंबईत बसतात,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या एकानंही हरण्या पाहिलेला नाही. एकानं तरी पाहिलेला असावा.”

त्या निवडून आल्या. मला प्रतिनियुक्तीवर स्वीय सहायक म्हणून घेतलं.

पीएचं काम काय असतं, हे लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, गाडीतून फिरायचं आणि फोनवर दरडावायचं. खरं तर येणाऱ्या दहातल्या आठ जणांना आमदार नको असतो, कागद हवा असतो. इस्पितळाला, शाळेला, वीज कार्यालयाला दाखवायला चार ओळी आणि खाली सही. तो कागद लिहिणं, तो कोणाला द्यायचा आणि कोणाला चहा देऊन परत पाठवायचं हे ओळखणं, हे माझं काम. उरलेले जे दोघं असतात, त्यांना कागद नको असतो. त्यांना कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. ते जास्त वेळ बसतात.

अशा दुसऱ्या प्रकारचे एक निवृत्त गुरुजी दर सोमवारी येत. त्यांच्या दारासमोरचा एसटीचा थांबा चाळीस पावलं पुढं न्यावा, ही त्यांची मागणी. कारण उतरणारा प्रत्येक जण त्यांच्याकडेच पाणी मागतो. ताईंनी विचारलं, “रोज किती जण?”

“पुष्कळ!”

“पुष्कळ म्हणजे किती, गुरुजी?”

पुढच्या सोमवारी गुरुजी वही घेऊन आले. वेळ, गाव, ग्लासांची संख्या. ताईंना इतकं आनंदलेलं मी केंद्रातही पाहिलं नव्हतं. महिन्याभरात थांब्यावर पाणपोई झाली. दोन सोमवार शांततेत गेले. तिसऱ्याला गुरुजी हजर.

“आता काय अडचण?” मी विचारलं.

“आता घरी कोणीच येत नाही हो,” ते म्हणाले.

पाणीपुरवठ्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची तर ताई उलटतपासणीच घेत. कधीपासून नाही, किती वाजता नाही, शेजारी आहे का. आमच्या भागात दिलेल्या बहिणीच्या घरची तक्रार घेऊन नशिराबादहून आलेला एक जण शेवटी हात जोडून म्हणाला, “ताई, पाणी नाही म्हंजे नाही! नसलेलं पाणी मी कसं मोजू?” त्यावर त्या खळखळून हसल्या आणि स्वतः पाहायला गेल्या.

सभेत त्यांचं फारसं जमत नसे. ‘माझ्या माहितीप्रमाणे’, ‘बहुधा’, ‘अजून खात्री नाही’ हे शब्द भाषणात येत. आमच्या तालुकाध्यक्षांचा जीव वरखाली होई. ते एकदा म्हणाले, “ताई, पाया पडतो, स्टेजवर बहुधा म्हणू नका. मग मतंही बहुधाच पडतात.”

कोऱ्या लेटरहेडवर आधी सही करून ठेवायची पद्धत सगळ्याच आमदारांकडे थोडीफार असते. अधिवेशनाला गेलेला माणूस तीन-तीन आठवडे परतत नाही आणि इथं कागदावाचून लोकांची कामं अडतात. ताईंनी पहिलं वर्षभर साफ नकार दिला. मजकूर न वाचता सही म्हणजे न पाहता नोंद, असं त्या म्हणत. मग एका माणसाच्या बायकोला मोठ्या इस्पितळात खाट मिळाली नाही, कारण पत्र वेळेत मिळालं नाही. ती बाई वाचली, पण फार हाल होऊन. ताई तिला भेटून आल्या आणि त्यांनी दहा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. प्रत्येकावर कोपऱ्यात आकडा टाकला, प्रत्येकाची नोंद वहीत करायची असं ठरवलं आणि मला समोर बसवून सांगितलं, “आजारपण, शाळा, बसचा पास. एवढंच. पिकाबद्दल एक अक्षर यावर लिहायचं नाही. केळीवर मी न पाहता सही केली, तर मग मी कोणीच नाही.”

मी हो म्हणालो.

त्याच काळात त्यांचं मुलांसाठीचं लिहिणं सुरू झालं. कागदासाठी थांबलेल्या आयांबरोबर मुलं येत आणि बाकावर कंटाळत. ताई बैठक संपवून बाहेर आल्या की त्यांच्यात बसत. “माव्याच्या पोटात काय असतं माहीत आहे का?” त्या विचारत. “लेक असते. आणि त्या लेकीच्या पोटात नात. एकाच वेळी!” एक मुलगी आईला म्हणाली, “मंग बारशाला किती घुगऱ्या लागत असतील!” ताईंनी ते वाक्य तसंच्या तसं गोष्टीत घातलं. माव्याची ती गोष्ट त्यांची पहिली. मग गांडूळ, मग शेवाळ, मग केळीचा कंद. धुळ्याच्या एका छोट्या छापखान्यानं पाच पुस्तकं काढली. त्यात प्राणी कपडे घालत नाहीत आणि कोणालाही शेवटी शिक्षा होत नाही. छापण्याआधी गोष्ट शाळेत वाचून दाखवायची, मुलगा जांभई देईल तिथं मी पेन्सिलीनं खूण करायची, ताई तेवढा भाग खोडायच्या. लोक म्हणत, आमदारबाईंना रिकामा वेळ फार. मला वाटतं, त्या दिवसभरात तेवढ्याच वेळी केंद्रात असल्यासारख्या दिसत.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

समोर बसलेला माणूस म्हणजे गिरधरआबा. आबांच्या जावयानं धरणगावकडे केळीच्या टिशूच्या, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांची रोपवाटिका काढली होती. गाव मृगबागेसाठी रोपं घ्यायला थांबलं होतं. मृगात लावायची केळी वेळेवर लागली नाही, तर पुढचं सगळं चुकतं. रोपं नवी, जावई नवा, त्यामुळं लोक म्हणत होते, ताईनं सांगितलं तर घेऊ.

“दोन ओयी लिहून दे युसूफ,” आबा म्हणाले. “मृग चालला हातचा.”

“ताई रविवारी येतील आबा. त्या पाहतील, नमुना तपासायला पाठवतील. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.”

“आठ दिवसांत रोपं दुसरं गाव उचलून नेईन. फोन लाव त्यांले.”

फोन लावला. सभागृहात बंद असायचा, तसा बंद होता. संध्याकाळी लागला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

“तू आला व्हता न माह्यासंगं सोमवारी? पाह्यली न रोपं?”

“पाहिली.”

“कशी व्हती?”

“चांगली होती.”

“मंग?” आबांनी चष्मा काढून पुसला. “तुले काय ताईपेक्षा कमी दिसते का? बारा वर्सं केयीची पानं कोनं मोजली? तूनंच न? ताई तं नुसती सही करे.”

मला ते आवडलं. याहून वेगळं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. माझ्याकडे पदवी नव्हती. वहीत माझी सही नेहमी दुसऱ्या रकान्यात असे. पुढं शोधनिबंधात तेवढीही येत नसे. आणि हा माणूस, ज्यानं सगळ्या गावाआधी बाग उपटली होती, तो मला सांगत होता की नजर माझी होती.

मी सात क्रमांकाचा कागद काढला आणि लिहिलं की सदर रोपवाटिकेतील केळीची रोपे माझ्या पाहणीत निरोगी आढळली असून लागवडीस योग्य आहेत. ‘माझ्या’ हा शब्द लिहिताना तो कोणाचा, याचा मी विचार केला नाही. खाली सही ताईंची होती.

महिनाअखेरीला ताईंनी वही पाहिली. तोवर तीन गावांत रोपं लागली होती.

“सात नंबर, रोपांबाबत. हे काय आहे?”

“आबांना दिलं, ताई. रोपं मी स्वतः पाहिली होती.”

“दोनदा?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. नोंदींच्या बाबतीत मी त्यांना तोवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी तिन्ही गावांत पिवळे पट्टे दिसायला लागले. आधी नव्या रोपांवर, मग शेजारच्या जुन्या बागांवर. ज्यांनी ती रोपं घेतलीच नव्हती त्यांच्याही बागा गेल्या. पत्राची झेरॉक्स घरोघर होती, फोनवरही फिरत होती. ताईंनी स्वतःहून गावसभा बोलावली. तालुकाध्यक्ष म्हणाले, जाऊ नका. त्या गेल्या. मी फाइल घेऊन त्यांच्या मागं उभा होतो.

मारुतीच्या देवळापुढं माणसं बसली होती. पुढच्या रांगेतली एक बाई उठली. तिची बाग आबांच्या बागेला लागून होती, नवरा वारल्यापासून तीच पाहत असे. तिच्या हातात झेरॉक्स होती.

“ताई, आम्हाले बाकी काही नको. यवढंच सांगा. ही रोपं तुम्ही पाह्यली व्हती का?”

ताईंनी कागद हातात घेतला. पूर्ण वाचला. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. आबा चौथ्या-पाचव्या रांगेत होते आणि खाली पाहत होते.

“नाही,” ताई म्हणाल्या. “मी पाहिली नव्हती.”

“मंग लिवलं काबरं?”

“माझी चूक झाली.”

कोणी ओरडलं नाही. बाईनं कागदाची घडी केली आणि ती खाली बसली. मग मागून एकेक जण उठून जायला लागला. पाहण्यात चूक झाली असती, तर लोकांनी ती समजून घेतली असती. पाहिलंच नाही आणि पाहिलं म्हणून लिहिलं, हे ताईंच्या बाबतीत कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. त्या दिवशी ती म्हण आमच्या भागातून गेली. ती मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

एक वाक्य पुरलं असतं. ‘पत्र मी लिहिलं.’ मी ताईंच्या मागं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मला तीन मुली होत्या, सरकारी नोकरी होती, माझं आडनाव काय आहे ते मला माहीत होतं आणि त्या गर्दीत ते कसं उच्चारलं जाईल याची भीती होती. हे सगळं खरं आहे. पण हे मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मी नुसता गप्प होतो.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, “ताई, मी उद्या जाऊन सांगतो त्यांना.”

त्या बाहेर पाहत होत्या. “काय सांगशी?” त्या म्हणाल्या. “सही मन्ही शे.”

मला बरं वाटलं. 

पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. लागलं ते हे की शेतकरी मेळाव्यांना त्यांना कोणी बोलावेना. केंद्रातले जुने सहकारी फोनवर हवापाण्याचं बोलत. त्या धुळ्याला देवपुरातल्या घरी जाऊन राहिल्या. मी केंद्रात परत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

महिन्यातून एकदा मी एसटीनं धुळ्याला जात असे. त्या आता फक्त मुलांसाठी लिहीत होत्या आणि हस्तलिखित वाचायला मीच लागे. एकदा शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलं होतं. गांडुळाच्या पुस्तकातल्या चित्रात गांडूळ हसतो, पण तुम्हीच लिहिलंय की त्याला डोळे नसतात, ओठही नसतात, मग तो हसतो कशानं? ताईंनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. नव्या आवृत्तीत चित्र बदललं आणि पहिल्या पानावर छापलं, ‘मागील आवृत्तीत गांडूळ हसत होता. ती चूक लेखिकेची होती.’ खाली त्या मुलाचं नाव आणि त्याचे आभार.

“एवढं छापायची काय गरज होती?” मी म्हणालो.

“जुनं पुस्तक ज्या मुलांकडे आहे, त्यांना कोण सांगणार मग?”

तो दिवस माझ्या मनातून गेला नाही. पुढच्या खेपेला मी बोलायचं ठरवूनच गेलो. तेव्हा त्यांचं दुखणं सुरू झालं होतं. दुपारी त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“ताई, रोपं मी दोनदा पाहिली नव्हती. एकदाच पाहिली.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“तू ‘हो’ म्हणालास आणि तारीख सांगितली नाहीस. दुसरी पाहणी केली की तू तारीख सांगतोस.” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही. म्हणून तर म्हटलं, सही माझी आहे.”

मला वाटलं, संपलं. पण मनात आणखी एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती बाहेर पडली.

“रोपवाटिकेच्या कुंपणाला काकडीचे वेल होते.”

ताईंनी मान वर केली. वाचकांसाठी सांगतो, हरण्याचा विषाणू काकडीवर आधी राहतो आणि मावा त्याला तिथून केळीवर नेतो. आमच्या केंद्रात नवा माणूस लागला की पहिल्या आठवड्यात हे शिकवत. केळीच्या रोपांजवळ काकडी दिसली, की ताई फाटकातूनच परत फिरत.

“काकडी होती?”

“हो.”

“तू पाहिलीस?”

“पाहिली. आत जाताना. मग रोपं पाहिली, ती चांगली दिसली, आणि ते राहून गेलं. लोकांनी रोपं लावली, तेव्हा मला आठवलं.”

“लावली तेव्हा?”

“हो.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग सावकाश म्हणाल्या, “पत्राचं काही नाही, युसूफ. पत्र कोणाच्याही हातून जातं. पण लावल्यावर आठ दिवसांत तू मला काकडी म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी तिन्ही गावांत गेले असते. रोपं वीतभर होती. उपटली असती. शेजारच्या बागा वाचल्या असत्या. त्या बाईची बाग वाचली असती.”

मी मान खाली घातली.

“मला सांगून आता काय उपयोग? ज्यांच्या बागा गेल्या त्यांना सांग.”

“कसं सांगू?”

“लिहून. आणि ‘वाटलं’ लिहू नकोस.”

त्यानंतर त्या साडेतीन महिने जगल्या. मी दोनदा गेलो. त्यांनी विचारलं नाही आणि मी लिहिलं नव्हतं. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या नव्या गोष्टीबद्दल बोललो.

शोकसभा फैजपूरला झाली. हॉल भरला होता, तिन्ही गावांतले लोकही आले होते. बोलणारे चांगलं बोलले. तालुकाध्यक्ष आता वरच्या पदावर आहेत, ते म्हणाले, “ताईंच्या हातून एक चूक झाली. पण चूक कोणाकडून होत नाही? आज आपण ती मोठ्या मनानं विसरू या.” लोकांनी माना डोलावल्या. पुढं ती बाई बसली होती, तिनंही डोलावली. माझ्या चुकीसाठी ताईंना क्षमा होत होती, आणि मी पहिल्या रांगेत होतो.

नंतर माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेलो. हीच जागा, हीच वेळ, हे मला कळत होतं. मी माव्याच्या लेकीची आणि नातीची गोष्ट सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली येऊन बसलो.

त्यानंतर वर्षभर मी काही वाचलं नाही. ताईंची हस्तलिखितं इतकी वर्षं वाचलेला मी, तरी पान उलटलं जात नव्हतं. मग या अंकाचं पत्र आलं.

लिहायला बसण्याआधी मी गिरधरआबांकडे गेलो. इतकी वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो, सलाम-रामराम केला, पण त्या गुरुवारबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. आबा आता खाटेवरून उठत नाहीत. नजर जवळजवळ गेली आहे. मी त्यांना सांगितलं की लिहिणार आहे, काकडीच्या वेलांसकट.

ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, “वेल मी बी पाह्यले व्हते.”

“तुम्हाला माहीत होतं, आबा?”

“ताईनंच शिकोलं व्हतं मले. काकडी जवय नको म्हनून.” त्यांनी माझा हात चाचपून धरला. “जावई व्हता न, बापा. लिही. माह्यं नाव घालशीन तं घाल.”

त्यांच्या घरच्यांसाठी मी नाव बदललं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

तेव्हा, जे झालं ते असं. केळीच्या रोपांचं पत्र मी लिहिलं. ताईंनी ती रोपं पाहिली नव्हती आणि पाहिली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. कुंपणाला काकडी होती, ती मी एकदा पाहिली होती आणि लागवडीनंतरही सांगितली नाही. शेजारच्या बागा त्यामुळं गेल्या.

अंक छापून आला की त्याच्या प्रती मी तिन्ही गावांत नेऊन देणार आहे, पहिली त्या बाईकडे. ती काय म्हणेल, मला माहीत नाही. ताई हे वाचणार नाहीत. त्यांची शेवटची गोष्ट चौदा पानांवर थांबली आहे, ती पूर्ण करणं मला जमणार नाही. मी फैजपूरलाच राहतो. विचारायला कोणी आलं, तर घरी असतो.